डोंगर बाहेर आहे

५ जुलै, बुधवार

फ्रीजवर चौकटींचा कागद लावला. डॉक्टरीणबाईंनी दिलेला. रोज सकाळी एक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं, मग दुसरा झाकून. रेषा सरळ आहेत की वाकड्या ते जाड काळ्या पेनाने वहीत लिहून ठेवायचं. रोज एक ओळ.

"एकच?" मी विचारलं.

"जास्त लिहिलंत तर मी वाचणार नाही," त्या म्हणाल्या.

म्हणजे जास्त लिहायला हरकत नाही.

डावा: मधे अंगठ्याएवढा डाग. ठिपका दिसतच नाही. तो डोळा आता परत यायचा नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. उजवा: रेषा सरळ. उजव्यातही सुरुवात आहे, पण हळू. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही. उजव्याच्या रेषा वाकल्या तर त्याच दिवशी फोन करायचा, थांबायचं नाही.

एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, एकाही पोराला खरचटलं नाही, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

६ जुलै, गुरुवार

उजवा: सरळ.

गुरुवारच्या मंडळींना घेऊन तळ्यापर्यंत जाऊन आलो. आठ जण, सगळे पेन्शनवाले. चौदा वर्षं मी यांना नेतो आहे आणि चौदा वर्षं मीच पुढे चालत होतो. या उन्हाळ्यापासून बेरिट माझ्या पुढे चालते. मागे राहिलं की तिचा गुडघा आखडतो म्हणे. चालू दे.

पण तिची बडबड. ही बाई पोस्टाच्या खिडकीत तीस वर्षं बसली आणि कामापुरतं बोलली. वाटेवरही कधी बोलायची नाही, म्हणून तर तिच्याबरोबर चालायला बरं वाटायचं. आता तोंड मिटत नाही. "मेलं मूळ." "हा दगड हलतो." "इथे डावीकडे खचलंय." "आणखी एक मूळ." वय झालं की काहींना दिसेल ते बोलायची खोड लागते.

डेलने सगळ्यांसाठी भडक नारिंगी टोप्या आणल्यात. शिकारीच्या दुकानात सेल होता म्हणाला. जुलैत कसली शिकार? आठही जण रस्ता दुरुस्तीला ठेवलेल्या खुणांसारखे दिसत होते. माणसं मोजायला सोपी पडतात, एवढं मात्र खरं.

१० जुलै, सोमवार

उजवा: सरळ.

११ जुलै, मंगळवार

सरळ.

१३ जुलै, गुरुवार

सरळ.

नवीन बाई आली. नॅडीन. एप्रिलमध्ये ओहायोहून इथे राहायला आली, बहिणीचं घर तिला मिळालं. चालते हळू, पण न थांबता. मला अशी माणसं आवडतात.

ओंडक्यावर बसून जेवताना तिने विचारलं, "ते हॅचेट शिखर म्हणतात तिथे कधी जायचं? चार ज्वालामुखी दिसतात म्हणे एका जागेवरून."

"दहा ऑगस्टला," डेल म्हणाला. "डोंगर बाहेर असला तर."

"बाहेर म्हणजे? आत कधी जातो?"

"वर्षातले दोनशे दिवस आतच असतो. रेनियरबद्दल बोलतोय मी. इथे डोंगर म्हणजे तो एकच. बाकीचे नुसते उंचवटे."

"मग तो बाहेर आहे हे ठरवतं कोण?"

"ड्रायव्हर." डेलने सँडविचने माझ्याकडे बोट केलं. "पहाटे पुलावर जाऊन उभा राहतो. दिसला की बेरिटला फोन, बेरिटचा बाकीच्यांना. चौदा वर्षांत एकदा चुकला नाही."

"दोनदा," बेरिट म्हणाली.

"ते पावसाचं होतं. पाऊस धरत नाहीत."

परतताना नॅडीन माझ्या बरोबरीने आली. तिला दमा आहे. चढ चालतो, थंडी चालते, धूर चालत नाही. तिकडे एकदा कारखान्याच्या आगीच्या धुराने चार दिवस इस्पितळात होती. हे सगळं तिने ओळख नसताना, हवेबद्दल बोलावं तसं सांगितलं.

"धूर असेल तर सांगाल ना?"

"सांगेन."

"नक्की?"

"माझी आई हॅचेटवर धूर बघायच्याच नोकरीला होती," मी म्हटलं.

खरंच होती. तीन उन्हाळे. मी चार वर्षांचा ते सहा वर्षांचा. माथ्यावर जंगलखात्याची काचेची खोली होती, आगीवर नजर ठेवायला. तिच्या पायाचे चार काँक्रीटचे ठोकळे तेवढे आता उरलेत. धूर दिसला की खाली फोन करायचा, पण लगेच नाही. आई आधी दहा मिनिटं बघत राहायची. धुकं वर जाताना फाटतं, म्हणायची, धूर फाटत नाही. तीन उन्हाळ्यांत तिने एकही फोन चुकीचा केला नाही.

१९ जुलै, बुधवार

उजवा: खालच्या बाजूची एक रेष मधे जराशी उचललेली. फ्रीजचं दार तिथे फुगलंय, जुना झाला. कागद काढून कपाटाच्या दारावर लावला.

२० जुलै, गुरुवार

कपाटाचं लाकूडही सरळ नाही.

आज वाटेच्या तोंडाशी नोंदवहीत नावं लिहायची होती. मी पेन काढलं तर बेरिटने घेतलं. "तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय." चौदा वर्षं हेच पाय चालले.

डॉक्टरीणबाईंना फोन करायला हवा. त्या म्हणतील या. गेलं की डोळ्यात सुई. सुईनंतर काही दिवस चढ नाही, वाकणं नाही, धूळ नाही. हॅचेट झालं की करतो.

३ ऑगस्ट, गुरुवार

दोन रेषा.

हल्ली बेरिटच्या गाडीने जातो. उभी राहून तिची बॅटरी उतरते, म्हणून तिला गाडी फिरवावी लागते. येताना ती म्हणाली, "या वर्षी हॅचेटला मी नेते."

"का?"

"सहज. तुला आराम."

"मी दमलोय असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही."

"मग? पहाटे पुलापर्यंत येणार तू?"

"माझ्या पडवीतून दिसतो डोंगर, ऑरिन."

"पडवीतून अर्धाच दिसतो."

"अर्धा पुरतो."

माझ्या दारात गाडी थांबवून ती म्हणाली, "बरं बाबा. तूच ने." जिंकल्यासारखं वाटलं नाही, हे लिहून ठेवतो.

पर्वतरांगेच्या पलीकडे आगी लागल्यात. दर ऑगस्टला लागतात. धूर तिकडेच जातो.

९ ऑगस्ट, बुधवार

चार.

नॅडीनचा फोन. "बातम्यांत आगींचं सांगतायत."

"वारा पश्चिमेचा आहे. इकडे येत नाही."

"उद्या तुम्ही बघणार ना पुलावरून?"

"बघणार."

"मग तुम्ही म्हणालात तर निघते. बातम्या देणारे काही पुलावर उभे राहत नाहीत."

हसलो. बुटांना मेण लावून ठेवलं.

१० ऑगस्ट, गुरुवार

सहाला पुलावरून परत आलो. उत्तरेला पांढरं होतं. पांढरं म्हणजे बर्फ. आईसारखा दहा मिनिटं थांबलो, फाटतं का बघत. फाटलं की नाही ते सांगता येत नाही. हल्ली सगळंच जरा पांढरं असतं, आणि तसं असून या उन्हाळ्यात दर गुरुवारी हवा चांगलीच निघाली.

बेरिटला फोन केला. डोंगर बाहेर आहे.

फोनमधे तिच्या पडवीचं दार वाजलं. मग म्हणाली, "तू म्हणतोस तर."

कागदाकडे आज पाहिलं नाही.

११ ऑगस्ट, शुक्रवार

नॅडीन इस्पितळात आहे. ऑक्सिजन लावलाय, धोका टळला असं नर्स फोनवर म्हणाली. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहिताना मी माझी बाजू घेणार.

काल सात जण होतो. गाड्या लावल्या तेव्हा सूर्य झाडांवर आला होता.

"लाल आहे बघ," डेल म्हणाला. "टोमॅटोसारखा."

"ऑगस्ट आहे," मी म्हटलं.

नॅडीनची टोपी माझ्याकडे वळली. चेहरा मला दिसला नाही. "हा धूर नाही ना?"

"दरीतलं धुकं. दहापर्यंत जाईल."

बेरिट वाकून बुटाची नाडी बांधत होती. बराच वेळ बांधत होती.

हॅचेटची वाट साडेचार मैल. पहिले दोन फरच्या झाडीत, मग एकोणीस वळणं उघड्या उतारावर, मग खडकाची धार. झाडीत गार होतं. बेरिट पुढे अखंड बोलत होती, मूळ, दगड, पाणी, पुन्हा मूळ. उतारावर हकलबेरी पिकल्या होत्या. सगळे खात खात चढले, सगळ्यांची बोटं जांभळी. नॅडीन म्हणाली, ओहायोत असलं काही फुकट मिळत नाही. ती बरी चालत होती. मी दर वळणावर तिच्या श्वासाकडे कान देत होतो. बसमध्ये बसायची सवय आहे मला, मागे न बघता मागचं ऐकायची.

सातव्या वळणावर मला वास आला. खाली कोणीतरी शेकोटी केली असेल, असं मी मनात म्हटलं. लिहिताना हे वाक्य वाईट दिसतं. तेव्हा पुरेसं वाटलं.

अकराच्या सुमारास वारा फिरला. मानेला आधी उजवीकडून लागत होता, तो समोरून लागायला लागला. मला तो कळला. सगळ्यांनाच कळला असणार. कोणी काही बोललं नाही. धारेवर तर बेरिटही गप्प झाली.

माथ्यावर आमची एक रीत आहे. नवीन माणूस मधोमध उभा राहतो. मी काठीने एकेक ठोकळा ठोकतो आणि त्या बाजूच्या डोंगराचं नाव सांगतो. सांगून झालं की सगळे जेवतात, त्याआधी नाही. आई मला कमरेला दोर बांधून याच ठोकळ्यांमधे ठेवायची. मला ते डोळे मिटून सापडतात.

नॅडीनला मधे उभं केलं. उत्तरेचा ठोकळा ठोकला. "रेनियर. चौदा हजार चारशे दहा फूट." पूर्वेकडचा. "ॲडम्स." दक्षिणेचा. "हूड. तो पलीकडे ओरेगनात." चौथा. "सेंट हेलेन्स. ऐंशी साली फुटली ती. मी तिला टोकासकट पाहिलंय."

एवढ्यावर थांबलो असतो तर चाललं असतं. पण पुन्हा रेनियरकडे वळून मी म्हटलं, "बघा, या वर्षी बर्फ किती खालपर्यंत आहे."

डेल खाकरला.

"ऑरिन," नॅडीन म्हणाली, "तिथे काहीच नाहीये. सगळं तपकिरी आहे. चारी बाजूंना."

मग तिला खोकला आला, आणि तो थांबेना.

तिने पंप ओढला. बेरिटने पाण्याने रुमाल भिजवून तिच्या तोंडावर बांधला. डेलने फोन काढला, वर काही लागेना. डेल सत्तरीचा आहे, एक गुडघा बदललेला. "खाली रस्त्यावर लागेल," म्हणाला आणि पळत सुटला. मी त्याला थांब म्हणायच्या आत त्याची टोपी दिसेनाशी झाली.

मी पुढे व्हायला निघालो.

"माझ्या मागे ये," बेरिट म्हणाली.

"ही वाट माझ्या पायांना पाठ आहे."

"असेल. तिच्या छातीला तुझ्या पायांसाठी वेळ नाहीये. मागे ये, ऑरिन."

चौदा वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं. मागे गेलो. नॅडीनची पिशवी घेतली. तिचा एक हात बेरिटच्या खांद्यावर, एक माझ्या हातात. पन्नास पावलं, मग थांबायचं. मग तीस.

बसमध्ये एखादं पोर घाबरून धापा टाकायला लागलं की मी त्याला रस्त्यावरचे खांब मोजायला लावायचो. उघड्या उतारावर आल्यावर नॅडीनला म्हटलं, वळणं मोज, एकोणीस आहेत, मग झाडी लागेल, झाडीत हवा बरी असेल. बोलायला दम नव्हता तिला. दर वळणावर ती बोटं वर करायची.

"किती?" मी विचारलं.

तिने पुन्हा केली. माझ्या तोंडासमोर.

"किती झाली?"

"पाच," बेरिट म्हणाली.

नॅडीनने हात खाली घेतला. त्यानंतर तिने बोटं केली नाहीत. माझा हात मात्र सोडला नाही, सोडला असता तर पडली असती.

वर जायला साडेतीन तास लागले होते, उतरायला चार लागले. खाली गावच्या अग्निशमनवाल्यांची गाडी उभी होती, डेल तिच्या पायरीवर बसलेला. त्यांनी तिला नळी लावली आणि घेऊन गेले. एक जण मला म्हणाला, "काका, आज कशाला नेलंत वर? धूर सकाळी गावातूनसुद्धा दिसत होता."

उतरताना एकदा मी मागे वळून वर पाहिलं होतं. मला काही वेगळं दिसलं नाही. माझ्यासाठी तो रोजच्यासारखाच दिवस होता.

१२ ऑगस्ट, शनिवार

डेलच्या बायकोने इस्पितळात सोडलं. नॅडीन उशीला टेकून बसली होती. फुलं नेली होती, ती नर्सने दारातच काढून घेतली. छातीच्या पेशंटला फुलं चालत नाहीत.

"तुम्ही पुलावर गेला होतात?" नॅडीनने विचारलं.

"गेलो होतो."

"काय दिसलं?"

"पांढरं."

"डोंगर?"

"पांढरं."

तिने नाकातली नळी सरळ केली. मग म्हणाली, "मी माझ्या छातीचं तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ओळख नव्हती तरी."

"हो."

"तुम्ही डोळ्यांचं कधी सांगणार होतात?"

माफी मागितली.

"ते नंतर. आधी डॉक्टरांना फोन करा. इथून, माझ्यासमोर."

केला. शनिवार असल्यामुळे तातडीच्या फोनवरचा माणूस बोलला. रेषा कधीपासून वाकड्या दिसतात, त्याने विचारलं. मी म्हटलं, आठवडाभर.

"खरं सांगा," नॅडीन म्हणाली.

"एकोणीस जुलैपासून," मी फोनमधे म्हटलं. पलीकडच्या माणसाने तारीख परत विचारली. मग सोमवारी सकाळी आठला बोलावलं.

निघताना मी दारात थांबलो. तिने डोळे मिटले होते.

१३ ऑगस्ट, रविवार

चर्चनंतर बेरिटकडे गेलो. पडवीत बसून गुरुवारच्या बेरी निवडत होती. त्या तिने कधी तोडल्या कोण जाणे.

"गुरुवारी सकाळी इथून तुला काय दिसलं?" मी विचारलं.

"धूर."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालास डोंगर बाहेर आहे."

"बेरिट."

तिने पातेलं खाली ठेवलं. "वाटलं, वारा फिरायच्या आत वर जाऊन खाली येऊ. वाटलं, त्याची ही शेवटची खेप, नेऊ दे त्याला. तिच्या दम्याचं मला माहीत नव्हतं. तुला होतं. पण माहीत नव्हतं म्हणून मी सुटत नाही."

"म्हणजे अर्धी चूक तुझी."

"अर्धीबिर्धी नाही. तुझी अख्खी तुझी आणि माझी अख्खी माझी."

"तुला ठाऊक होतं डोळ्यांचं."

"सगळ्यांना."

"कधीपासून?"

"ख्रिसमसच्या जेवणात डेलच्या बायकोला तू बेरिट म्हणून हाक मारलीस. ती माझ्याहून हातभर उंच आहे, ऑरिन."

"ती काही बोलली नाही."

"नाही. तिने तुला केकचा आणखी एक तुकडा वाढला, आणि घरी येऊन रडली."

बेरींची एक वाटी तिने माझ्यासमोर सरकवली. मी खाल्ल्या. कडवट धुराची चव होती, किंवा मला तसं वाटलं.

घरी येऊन कागद पुन्हा फ्रीजवर लावला. डावा: काही नाही. उजवा: सहा रेषा. फ्रीज ठीक आहे. कपाटही ठीक होतं.

१४ ऑगस्ट, सोमवार

सुई. दुखत नाही, फक्त येताना दिसते.

डॉक्टरीणबाईंनी वही मागितली. मी त्यांना आधीची पानं दिली, रेषांपुरती. पण त्यांनी एकोणीस जुलै वाचलं, फ्रीजचं. "जवळजवळ चार आठवडे उशीर," म्हणाल्या. "तेवढ्यात जे गेलं ते गेलं." ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

गाडीची चावी डेलकडे दिली. तो म्हणाला, "ड्रायव्हर, आता तुला काय म्हणायचं?" मी म्हटलं, तेच म्हण.

२४ ऑगस्ट, गुरुवार

सहा.

मंडळी गेली, मी नाही. नॅडीन घरी आली आहे. तिच्या दारात सूप ठेवून आलो. संध्याकाळी रिकामं, धुतलेलं भांडं माझ्या पायरीवर होतं. चिठ्ठी नव्हती.

७ सप्टेंबर, गुरुवार

पाच. एक सरळ झाली.

दुसरी सुई झाली. चार दिवस पाऊस लागलाय, पलीकडच्या आगी विझल्या म्हणतात.

मंडळींची बैठक डेलच्या घरी. पुढच्या वर्षी कोण नेणार यावर मी उभा राहून बोलणार होतो, दोन वाक्यं तयार केली होती. बेरिटने आधीच मंडळींच्या वहीत स्वतःचं नाव लिहिलं होतं, नेणाऱ्याच्या जागी. मी ती वाक्यं बोललो नाही. ती बरी नव्हती.

नॅडीन आली होती. माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. निघताना म्हणाली, "मला अजून ते चार डोंगर दिसलेले नाहीत."

१४ सप्टेंबर, गुरुवार

चार.

पहाटे पुलावर बेरिट आणि मी. तिने आधी मला विचारलं, काय दिसतं.

"उत्तरेला पांढरं. त्यावर निळं."

"कड दिसते?"

"नाही."

"आहे," ती म्हणाली. "धारदार आहे. खाली ढगाची पट्टी आहे, ती फाटतेय."

नॅडीनला फोन मी केला. करायलाच हवा होता.

"डोंगर बाहेर आहे, असं बेरिट म्हणते."

"आणि तुम्ही?"

"मला पांढरं दिसतं."

मग म्हणाली, "येते."

हळू गेलो, पाच तास घेतले. टोप्या अजून त्याच. आता शिकारीचा हंगाम जवळ आलाय, तेव्हा त्यांना काही अर्थ तरी आहे.

माथ्यावर नॅडीन मधोमध उभी राहिली. मी उत्तरेचा ठोकळा ठोकला आणि नाव घेतलं. पुढचं ती बोलली.

"आहे. अख्खा आहे. डाव्या खांद्यावर ढग बसलाय."

"ॲडम्स."

"रुंद आहे. दमून बसल्यासारखा."

"हूड."

"लहान. नखाएवढा. पण आहे."

"सेंट हेलेन्स."

"वरून कापलेली."

"मी ते टोक पाहिलंय."

"कसं होतं?"

सांगितलं. आई ज्या खिडकीतून दाखवायची तिथपासून सांगितलं, संध्याकाळी ते कसं बाकीच्यांच्या आधी गुलाबी व्हायचं ते. नॅडीन त्या बाजूला बघत ऐकत होती.

"झालं," डेल म्हणाला. "आता आपल्याला एकदाचं जेवायला मिळणार."

उतरताना बेरिट पुढे, मग मी, माझ्या मागे नॅडीन. झाडीत शिरल्यावर बेरिटचं सुरू झालं.

"मूळ," ती म्हणाली.

मी पाय उचलून ओलांडलं. मग मागे वळलो.

"मूळ," मी म्हटलं.

"दिसतंय मला," नॅडीन म्हणाली.

"माहीत आहे," मी म्हटलं.